स्वयंवंगणी प्लास्टिकचे ओलेपण आणि घर्षण कसे तपासावे

बुश (फिरत्या दांड्याला आधार देणारी नळी), गिअर किंवा सरकपट्टीसाठी स्वयंवंगणी, म्हणजे बाहेरून तेल न घालता निसरडे राहणारे, प्लास्टिक निवडताना पुष्कळ जण त्यावर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो मण्यासारखा उभा राहिला की माल निसरडा आहे, असे मानून मोकळे होतात. पण टेफ्लॉन आणि मऊ सिलिकॉन रबर यांवर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूने करते तो कोन) जवळपास सारखाच, म्हणजे सुमारे ११० अंश भरतो. तरीही पोलादावर टेफ्लॉनचा घर्षण गुणांक (घर्षणाचे बल भागिले पृष्ठभागावरचा दाब देणारे बल) साधारण ०.०५ ते ०.१० असतो, तर मऊ सिलिकॉनचा पुष्कळदा १ च्या वर जातो. थेंबावरून पृष्ठभागाची ऊर्जा कळते, पण प्रत्यक्ष संपर्काचे क्षेत्र किती आणि वरचा थर किती सहज कातरला जातो, हे थेंबाला सांगता येत नाही. म्हणून थेंबाची आणि घर्षणाची अशा दोन्ही चाचण्या स्वतंत्रपणे कराव्यात.

नमुन्यांसाठी इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या विक्रेत्याकडून टेफ्लॉन, साधे नायलॉन, तेलमिश्रित नायलॉन आणि टेफ्लॉनची भुकटी मिसळलेले ॲसिटल (एक कडक इंजिनिअरिंग प्लास्टिक) यांच्या सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या घ्याव्यात. करवतीने कापलेली बाजू वापरू नये, कारण खडबडीतपणामुळे स्पर्शकोनही बदलतो आणि घर्षणही.

प्रत्येक मालाच्या दोन पट्ट्या ठेवून एक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी व दुसरी तशीच राहू द्यावी. तेलमिश्रित प्रकारात तेल आतून हळूहळू पृष्ठभागावर येत असते आणि पुसल्याने तो थर निघून जातो, म्हणून पुसलेल्या पट्टीची चाचणी काही दिवसांनी पुन्हा करून पाहण्यासारखी असते. नायलॉन हवेतील ओलावा शोषते. कोकणातल्या पावसाळ्यात घेतलेले मोजमाप विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या मोजमापाशी ताडून पाहू नये.

थेंबासाठी शुद्ध पाणी आणि १०० युनिटांची इन्सुलिन सिरिंज पुरते. तिच्यातील एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. त्याच्या अर्ध्याएवढा थेंब सुईच्या टोकावर आणून पृष्ठभागाला अलगद टेकवावा, कारण मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो. कॅमेरा थेंबाच्या पातळीत ठेवून लगेच फोटो काढावा आणि थेंबाची उंची व तळाची रुंदी मोजावी. उंचीच्या दुपटीला रुंदीने भागून येणाऱ्या संख्येचा व्यस्त टॅन्जंट काढला की अर्धा स्पर्शकोन मिळतो. उंची १.५ आणि रुंदी २.१ मिलिमीटर असेल, तर भागाकार १.४३ येतो आणि कोन ११० अंश. येथे रुंदी म्हणजे थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो तिथली. फुगलेल्या मध्यभागाची रुंदी घेतली तर कोन कमी दिसतो. एकाच पट्टीवर निरनिराळ्या जागी निदान पाच थेंब घ्यावेत.

घर्षणासाठी पट्टी दुहेरी चिकटपट्टीने सपाट फळीवर बसवावी आणि तिच्यावर सपाट तळाचा, कडा गोल घासलेला पोलादी ठोकळा ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचलावे. ठोकळा सुटतो त्या क्षणी फळीची उभी उंची भागिले आडवा पाया म्हणजे स्थितिक (हालचाल सुरू होतानाचा) घर्षण गुणांक. टेफ्लॉनवर ठोकळा चार-पाच अंशांतच सुटत असल्याने कोनमापकाची एका अंशाची चूकही मोठी ठरते. म्हणून लांब फळी आणि मोजपट्टी बरी. गतिक (सरकत असतानाच्या) गुणांकासाठी फळीला हलकी टिचकी देत राहावे आणि ठोकळा एकसारख्या वेगाने सरकू लागेल तो उतार नोंदवावा.

सर्वांत महत्त्वाची पायरी यापुढची आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. टेफ्लॉनची भुकटी असलेल्या मालातून आपोआप काहीही पाझरत नाही. घासले गेल्यावरच भुकटी पसरून पोलादावर पातळ थर चढतो. म्हणून ठोकळा त्याच पट्टीवर पुष्कळ वेळा पुढे-मागे घासून, मध्ये न पुसता, चाचणी पुन्हा करावी. प्रत्येक मालासाठी वेगळा ठोकळा ठेवावा, नाहीतर आधीच्या मालाचा थर पुढच्याचा आकडा बिघडवतो. ठोकळा आरशासारखा गुळगुळीत असू नये आणि फार खरखरीतही असू नये. गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटण्याचा वाटा वाढतो, तर खरखरीत पृष्ठभाग थर टिकू देत नाही.

हे आकडे हलक्या दाबाचे आणि संथ वेगाचे आहेत. वेग वाढला की टेफ्लॉनचे घर्षणही वाढते. शिवाय भरण नसलेले टेफ्लॉन लवकर झिजते, म्हणून बुशसाठी त्यात काचतंतू, कार्बन किंवा ब्राँझ मिसळतात. मालांची क्रमवारी लावायला ही चाचणी पुरेशी आहे. बुशचे आयुष्य मात्र तिच्यावरून काढू नये, त्यासाठी प्रत्यक्ष दाब आणि वेग देऊन झीज मोजावी लागते.