ऑक्टोबरची काहिली ओसरली की टाका हिवाळी फुलांचं बी

दसरा झाला की नर्सऱ्यांमध्ये पेटुनिया, डायांथस, झेंडूची रोपं दिसू लागतात. ती आणून लावायला हरकत नाही, कारण ती पुनर्लागवड सोसतात. पण लार्क्सपर, शर्ली पॉपी, कॅलिफोर्निया पॉपी, स्वीट पी आणि नॅस्टर्शियम ही मंडळी नाजूक मुळांची. एकदा मूळ दुखावलं की रोप रुसून बसतं. यांचं बी जिथे फूल हवं तिथेच टाकायचं. हॉलीहॉक, कॉर्नफ्लॉवर, ॲलिसम, फ्लॉक्स यांनाही थेट पेरणी मानवते.

खरी गोम वेळेची आहे. पाऊस परतला की हात शिवशिवतात, पण नागपूरचा ऑक्टोबर दुपारी चांगलाच भाजतो आणि लार्क्सपरसारखं बी तापलेल्या मातीत उगवतच नाही. पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की पेरणीची वेळ आली, हे माझं घरगुती माप. साधारण ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. नॅस्टर्शियम थोडं आधी टाकलं तरी चालतं. उशीर मात्र महाग पडतो. लार्क्सपरला फुलायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. डिसेंबरात पेरलं तर फुलं मार्चच्या उन्हात सापडतात, आणि आपल्याकडे मार्चचं ऊन कुणाला सोडत नाही. सगळं बी एकाच दिवशी संपवू नका. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन हप्त्यांत टाकलं तर फुलं जास्त दिवस मिळतात, आणि पहिला हप्ता मुंग्यांनी नेला तरी दुसरा हाताशी राहतो.

आता मातीचं. अंगणात काळी भारी जमीन असेल तर ओली असताना तिला हात लावू नका, नाहीतर ढेकळं होतात ती फुटता फुटत नाहीत. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वीतभर खोल खणा, भरपूर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा आणि जमिनीपासून चार-सहा बोटं उंच गादीवाफा करा. हॉलीहॉक, स्वीट पीला पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. नुसती रेती ओतून काळी माती भुसभुशीत होते, हा गैरसमज. थोडी रेती घातलेली चिकणमाती सुकली की विटेसारखी होते. रेतीचा खरा उपयोग वेगळा आहे. पॉपी, ॲलिसमचं बी इतकं बारीक की चिमटीतून एकाच जागी ढीग पडतो. मूठभर कोरड्या रेतीत मिसळून भुरभुरा, म्हणजे विरळ पडेल.

बी झाकायला काळी माती वापरू नका. पाणी देऊन सुकली की तिचा पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच गुदमरतो. चाळलेलं कंपोस्ट वापरा. थर बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट पुरे. पॉपी आणि ॲलिसम जवळपास उघडंच ठेवून हातानं हलकं दाबा, लार्क्सपर आणि फ्लॉक्स मात्र पूर्ण झाका, त्यांना उगवायला अंधार लागतो. स्वीट पी आणि नॅस्टर्शियमचं बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढं खोल पुरा. वर ओलं गोणपाट टाका, चिमण्या आणि खारींपासूनही बचाव होतो. रोज सायंकाळी उचलून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी काढा, एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात.

पाणी सकाळी द्या, बारीक भोकांच्या झारीनं. पाइपची धार नको. दाट उगवलेली रोपं बुंध्याशी कुजून आडवी पडतात. म्हणून विरळणी करताना मन घट्ट करा. पॉपी, लार्क्सपर, कॉर्नफ्लॉवरमध्ये वीतभर, हॉलीहॉकमध्ये हातभर अंतर हवं. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. कात्रीनं कापा.

नॅस्टर्शियमला खताचा लाड नको, नाहीतर नुसती पानंच पानं. डिसेंबरात मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, मग ५ टक्के निंबोळी अर्क. स्वीट पीला उगवतानाच तुराट्यांचा किंवा जाळीचा आधार द्या. विदर्भातली अवकाळी गारपीट अधूनमधून जानेवारी-फेब्रुवारीत गाठते, तेव्हा उंच हॉलीहॉक काठीला बांधून ठेवलेली बरी.

एक सावधगिरी. पॉपी म्हणून स्वयंपाकघरातली खसखस वाफ्यात टाकू नका. ती अफूची झाडं, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय त्यांची लागवड गुन्हा आहे. लार्क्सपर आणि स्वीट पीचं बी विषारी असतं. घरात लहान मूल असेल तर पाकीट फडताळात वर ठेवा.