हरिपाठ रोज होतोय पण मन कोरडंच आहे? मग या चुका टाळा

माळकरी घरांमधून हे बऱ्याचदा ऐकू येतं, की हरिपाठ चुकत नाही, एकादशी चुकत नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे, तरी पूर्वी पांडुरंगाचं नाव घेतलं की आतून जे भरून यायचं ते आता येत नाही, देवघरासमोर बसलं की डोक्यात लाईटबिल आणि पोरांच्या फीया फिरत राहतात आणि घरात चिडचिड आहे ती आहेच. श्रद्धा संपली असं समजून लगेच घाबरू नका. मला जे दिसतं ते असं की आपण प्रार्थना करायची सोडून ती उरकायला लागतो, आणि वर उरकल्याचा अभिमान पण धरतो.

आधी वेगाचं बघा. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे 27 अभंग, मंडळात टाळ-मृदंगावर चालीत म्हटले तर त्यात जीव रमतो, पण घरी एकट्याने म्हणताना गाडी अशी सुटते की तोंड बाराव्या अभंगावर आणि मन बाजारात, आणि संपल्यावर आज काय म्हटलं हे विचारलं तर सांगता येत नाही. पाठ असणं वाईट नाही, उलट पाठ आहे म्हणून तर हळू म्हणता येतं ना. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी एकच अभंग घ्यायचा, ओळ म्हणायची, थांबायचं, परत म्हणायची. पहिल्याच अभंगात मागणी किती छोटी आहे बघा, देवाच्या दारात क्षणभर उभं राहा एवढंच. आपण तासभर बसतो आणि तो एक क्षणच राहून जातो.

दुसरं म्हणजे मोजणं. आता मोबाईलवर जपाचे काउंटर आलेत, बोटात घालायची बटणाची अंगठी पण मिळते, आणि मग आज किती झाले, काल किती होते, ग्रुपवर कोणाचे किती, असं टार्गेट सुरू होतं. 108 मण्यांची माळ मन एका जागी राहावं म्हणून हातात असते, स्कोअर ठेवायला नाही. हरिपाठाच्या ध्रुपदातच, म्हणजे परत परत म्हणायच्या ओळीतच, विचारलंय की पुण्याची गणना करणार कोण, आणि आपण नेमकं तेच म्हणत म्हणत गणना करत बसतो! निदान महिनाभर काउंटर बंद ठेवून बघा. सुरुवातीला काहीच केलं नाही असं वाटेल, वाटू दे.

मागण्यांबद्दल एवढंच म्हणेन की मागणं चूक नाही, लेकरानं आईकडे मागू नये तर कोणाकडे, फक्त मागून झाल्यावर लगेच उठू नका.

आणि शांत बसणं म्हणजे मनात एकही विचार येऊ नये असं डोक्यात घेऊन बसलात तर दोन मिनिटांत हरल्यासारखं होतं. विचार येणारच. पाठ संपला की निरांजन तेवत असेपर्यंत पाच मिनिटं तसंच बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा (सायलेंटवर ठेवून शेजारी ठेवला तरी हात जातोच), आणि आजच्या दिवसातला एकच प्रसंग समोर आणा. मी कोणावर खेकसलो, कोणाचं ऐकूनच घेतलं नाही, कोणी मदत केली आणि मी साधं बरं झालं आलास एवढं पण म्हटलं नाही. सगळ्या दिवसाची उलटतपासणी करू नका, एकच प्रसंग. त्यात माणूस घरातलं असेल तर उठून त्याच्याशी नीट बोला, झोपायच्या आधी. तुकोबा भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे पण परत देहूतल्या माणसांतच यायचे, आपला एकांत पण माणसांपर्यंत पोचला पाहिजे.

आता सगळ्यात अवघड चूक, कारण ती करणाऱ्याला दिसतच नाही. मी माळकरी, तो नाही. मी कांदा-लसूण खात नाही, सून खाते. माझ्या इतक्या वाऱ्या झाल्या, तुम्ही नुसते गाडीने दर्शन घेऊन आलात. वारकरी एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात, वय, जात, पैसा न बघता, समोरचा पाया पडला की आपण पण वाकायचं, आणि तेच आपण वारीत करतो आणि घरी येऊन जावेशी चार दिवस बोलत नाही, मग ते वाकणं कंबरेपुरतंच झालं ना.

नामदेवांची गोष्ट यासाठी परत परत वाचावी अशी आहे. साक्षात विठ्ठलाशी बोलणारा भक्त, आणि संतमेळ्यात गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी पारखायचं थापटणं एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं तेव्हा बाकीचे गप्प राहिले आणि नामदेव चिडले, मग काकांनी सांगून टाकलं की हे मडकं कच्चं आहे. नामदेव रुसून पांडुरंगाकडे गेले तर त्यानेही बाजू घेतली नाही, गुरू कर म्हणाला. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर, जे पुढे त्यांचे गुरू झाले, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले, पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले जिथे देव नाही तिथे नेऊन ठेव, आणि पाय नेतील तिथे पिंडच. परंपरेत ही गोष्ट अशी सांगतात. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की नामदेवांनी ते कच्चेपण मान्य केलं, आणि त्यांचीच पंढरपूरच्या महाद्वारात पायरी आहे, येणाऱ्या भक्तांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून. आपल्याला कोणी घरातलं माणूस तोंडावर बोललं, की बाबा एवढं देवदेव करता आणि असं का वागता, तर लगेच उत्तर देऊ नका, त्या दिवसाचा प्रसंग म्हणून तेच वाक्य घेऊन बसा.

याच्या उलट टोक पण टाळा. मी पापी, मी नालायक, माझ्यासारख्याकडे देव कशाला बघेल, असं रोज घोकत बसणं म्हणजे नम्रता नाही, त्यात पण सगळं लक्ष मी-वरच राहतं. चूक झाली असेल तर ती नेमकी सांगा, ज्याच्याशी चुकलात त्याची माफी मागा आणि नाम घ्या.

खंड पडला तर? प्रवास असतो, दवाखाना असतो, सुतक असतं, बायकांना पाळीत देवघराजवळ जाऊ नको म्हणतात. नामाला काळवेळ नाही हे हरिपाठातच आलंय, त्यामुळे एसटीत बसून, हॉस्पिटलच्या बाकावर, स्वयंपाक करताना, कुठेही आणि कधीही नाव घेता येतं आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सुटलेले दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी डबल पाठ करू नका, तो पुन्हा हिशोबच झाला. जिथे आहात तिथून एक अभंग म्हणा, आणि तोही होत नसेल इतका जीव थकला असेल तर नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हणत झोपा.