सराफ्यात उडणारा निळा ठिपका

ऑफिसात खिडकीपाशी दुकानाची वाट दाखवणारं आमचं अ‍ॅप अगदी शहाण्यासारखं वागायचं. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, शिरलं की निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारायचा आणि ‘तुम्ही दुकानापाशी पोहोचलात’ हा निरोप भलत्याच दारात वाजायचा. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतो. अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, वाट लांबते, हिशेब चुकतो.

ज्यात शिरलं की निरोप वाजतो, ते दुकानाभोवतीचं वर्तुळ 30 मीटर त्रिज्येचं होतं. अँड्रॉइडची शिफारसच किमान 100 ते 150 मीटरची आहे, म्हणून 120 केलं. निरोपही बदलला: ‘जवळ आलात’. प्रत्येक नोंदीसोबत फोन अचूकतेचा अंदाज देतो. तो 50 मीटरच्या वर गेला की ठिपक्याऐवजी फिकट वर्तुळ दाखवायचं. खोटा नेमकेपणा मला तरी जास्त चिडवतो.

मग रात्रीच्या गर्दीत फोन काकूंच्या हातात दिला. दुसऱ्या हातात गरम गराडूचा (तळलेल्या कंदाचा) द्रोण, अंगठ्याला तेल, बटण काही दाबलं जाईना. “अरे, नकाशा कशाला दाखवतोस? राजवाड्याकडून आलं की डाव्या हाताला का उजव्या, तेवढं सांग ना!”

बटण मोठं केलं. आता डावं-उजवं वर ठळक अक्षरांत येतं, नकाशा खाली.