चार्टर पायलट व्हायचंय? किती तास, त्याआधी कुठले तास ते बघा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हल्ली सारखं विचारतात की चार्टर कंपनीत, म्हणजे अख्खं विमान भाड्यानं देणाऱ्या कंपनीत, को-पायलट म्हणून लागायला किती तास लागतात. सरळ सांगायचं तर आपल्याकडं डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं नियमन करणारं केंद्राचं खातं) सीपीएलला म्हणजे कमर्शियल लायसन्सला विमान उडवल्याचे २०० तास लागतात, आणि ते झाले की को-पायलटसाठी अर्ज करायचा मार्ग खुला होतो. पण त्या २०० मध्ये काय काय असायला पाहिजे हे कोण नीट विचारत नाही, आणि पोरं अडकतात ती तिथंच.

आधी एक भीती काढून टाकतो. नेटवर शोधलं की ५०० तास, १२०० तास असे आकडे येतात आणि घरचे म्हणतात हे आपल्याला झेपायचं नाही. ते आकडे अमेरिकेचे. तिथं चार्टरला पार्ट १३५ म्हणून नियम आहे, त्यात कॅप्टनला बाहेर बघत व्हीएफआरवर उडवायचं असेल तर ५०० आणि ढगातून आयएफआरवर उडवायचं असेल तर १२०० तास लागतात. म्हणजे ते कॅप्टनचे आकडे आहेत, को-पायलटला तिथं पण एवढे लागत नाहीत.

आता आपले २००. त्यातले १०० तास पीआयसी (पायलट-इन-कमांड) पाहिजेत, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्या एकट्यावर. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवतोय ते तास ड्युअलमध्ये जातात, ते यात धरत नाहीत. पीआयसीमध्येच २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडं जायचं फ्लाइंग, लागतं आणि त्यात एक फेरी निदान ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या एअरपोर्टवर उतरून पूर्ण थांबायचं, टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच परत उडणं, चालत नाही. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त कॉकपिटातल्या उपकरणांवर उडवायचे, १० तास, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग. हे सगळे २०० तास अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांतले पाहिजेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पोरं शेवटी वाचतात. पीआयसीमधले निदान १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले लागतात आणि रात्रीच्या टेकऑफ-लँडिंगला पण तीच ६ महिन्यांची अट आहे. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जूनला लागला की सप्टेंबरपर्यंत ढग खाली आलेले, ट्रेनिंगची विमानं दिवसचे दिवस हँगरमध्ये. समजा रात्रीचं फ्लाइंग डिसेंबरात उरकलं आणि १०-१५ तास तेवढे राहिले म्हणून निवांत बसला, मग पाऊस आला, तर जुलैपर्यंत डिसेंबरची लँडिंग जुनी झाली आणि पैसे भरून परत उडवायला लागलं. म्हणून रात्रीचं फ्लाइंग अगदी लवकर उरकू नका, ते शेवटच्या टप्प्यात आणि शेवटचा टप्पा ऑक्टोबर ते मे मध्ये येईल असं बघा. स्कूलवाले आपणहून सांगतीलच असं नाही, तारखा वहीत स्वतः लिहून ठेवा.

नुसत्या सीपीएलवर मात्र चार्टरवाले सहसा घेत नाहीत. किंग एअर बी-२०० सारखी विमानं दोन इंजिनांची, त्यामुळे मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (लायसन्सवर मिळणारी जादा परवानगी) दोन्ही पाहिजेच धरा. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला ५० तास क्रॉस कंट्री पीआयसी आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात, त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. म्हणजे सीपीएलचे २० आणि १० धरून प्लॅन केला तर नंतर परत खर्च, पहिल्या दिवसापासून ५० आणि ४० डोक्यात ठेवा.

लॉगबुक रोजच्या रोज भरा. तारीख, विमानाचा टाइप, व्हीटीनं सुरू होणारं रजिस्ट्रेशन, कुठून कुठं, किती वाजता निघाला किती वाजता आला, ड्युअल की पीआयसी, दिवस की रात्र, सगळं त्याच दिवशी, आणि पान संपलं की बेरीज करून सही घ्या. कोण म्हणालं दोन-चार तास असेच चढवून देतो तर तिथून सरळ उठा. २०११ मध्ये खोट्या मार्कशीटवर लायसन्स आणि खोटे फ्लाइंगचे तास अशी प्रकरणं देशभर गाजली, पायलटना अटक झाली, आणि तास खोटे असतील तर मागं बसलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे तो.

शिकायचं कुठं म्हणाल तर २०२१ मध्ये केंद्रानं नवीन फ्लाइंग अकॅडमींसाठी जे ५ एअरपोर्ट निवडले त्यात आपलं सांबरा, म्हणजे बेळगावचं एअरपोर्ट, पण होतं. पण फी भरायच्या आधी मेडिकल करा, क्लास २ (सुरुवातीची तपासणी) तर लागतंच, जमलं तर क्लास १ (सीपीएलसाठीची कडक तपासणी) पण आधीच करून घ्या, कारण तिथं काही निघालं तर ४०-५० लाखांचं कर्ज तरी वाचतं. पीयूसीला (बारावीला) फिजिक्स आणि मॅथ्स लागतंय, आणि बोर्डाकडून मार्कशीटचं व्हेरिफिकेशन करून घ्यायला वेळ जातो, ते आत्ताच सुरू करा. शेत विकायचा विषय घरात निघाला असेल तर मेडिकलचा कागद हातात येईपर्यंत वडिलांना थांबायला सांगा, प्लीज.

नोकरीत एअरलाइनच्या मानानं तास हळू साठतात. इलेक्शनला, नाहीतर बेळगावात हिवाळी अधिवेशन असलं की चार्टरची धावपळ, मधे बरेच दिवस शांत. सामान चढवणं, फ्युएलचे कागद, प्रवाशांचं खाणंपिणं हे पण को-पायलटच बघतो. टाइप एंडोर्समेंटचा (त्या ठरावीक विमानाची लायसन्सवर नोंद) खर्च कोण करणार आणि बाँड, म्हणजे नोकरी न सोडायचा करार, किती वर्षांचा हे सहीच्या आधी लेखी घ्या. पुढं एटीपीएलला, म्हणजे सीपीएलच्या वरच्या लायसन्सला, १५०० तास आणि वय २१ लागतं, तोवर धीर धरावा लागतो.

आणि लगेच नोकरी नाही लागली तर घरी बसू नका. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करून शिकवायला लागा, तास वाढत राहतात आणि पगार पण येतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी चेक देऊन रिन्यू करायला लागतंय, ते संपू देऊ नका. सीव्हीवर टोटलच्या खाली पीआयसी, मल्टी, इन्स्ट्रुमेंट, रात्र आणि शेवटच्या ६ महिन्यांचे तास वेगवेगळे लिहा, चीफ पायलट आधी तेच बघतो.