लोडरसाठी ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात काटोलकडे संत्र्याच्या बागांना शेणखत टाकायची घाई असते. अशाच एका मे महिन्यात मी 50 एचपीचा, 8 पुढचे आणि 2 रिव्हर्स गिअर असलेला ट्रॅक्टर घेतला आणि त्याला पुढे लोडर, म्हणजे बकेटनं खत उचलून भरणारी जोडणी, बसवला. विकणाऱ्याला एचपी विचारली, लिफ्ट किती उचलते ते विचारलं, डिझेल किती खातो तेही विचारलं. गिअरबॉक्सचं नावही काढलं नाही. दुसऱ्याच हंगामात क्लच प्लेट जळाली. मिस्त्रीनं ती काळीठिक्कर प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "प्लेटीले काय दोष देता भाऊ? डायवरचा पाय पाहा."

पाहिला. आणि मोजलंही. एक बकेट ट्रॉलीत टाकायची म्हणजे ढिगात पुढे, मग मागे, ट्रॉलीकडे पुढे, पुन्हा मागे. दिशा 4 वेळा बदलते. आमची ट्रॉली 12 बकेटांत भरते, म्हणजे 48 वेळा. दिवसाला 10 ट्रॉल्या धरल्या तर 480 वेळा क्लच आणि 480 वेळा गिअर. नांगरताना दिवसभरात जेवढ्यांदा दिशा बदलते, ते याच्या पासंगालाही पुरणार नाही.

रिव्हर्सकडे न बघणं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दोनच रिव्हर्स असले की लो मधला रिव्हर्स फार सावकाश आणि हाय मधला ढिगाजवळ धडकी भरवणारा. ड्रायव्हर हाय टाकतो आणि वेग क्लचवर सांभाळतो. 12 पुढे, 12 मागे अशा शटल गिअरबॉक्समध्ये प्रत्येक पुढच्या गिअरला जोडीचा रिव्हर्स असतो. एकच दांडी पुढे-मागे करायची, गिअर तोच राहतो.

पहिला गिअर किती सावकाश चालतो हेही तेवढंच महत्त्वाचं. बकेट झटपट उचलायची तर इंजिनाचे फेरे वाढवावे लागतात, आणि फेरे वाढवले की ट्रॅक्टर पळतो. मग पाय अर्ध्या क्लचवर. माझी प्लेट तिथंच जळली. क्रीपर (मुंगीच्या चालीनं चालवणारा गिअर) किंवा खराच हळू पहिला गिअर असेल तर रेस देऊनही ट्रॅक्टर ढिगात शांतपणे शिरतो.

शटल आहे म्हणजे क्लचला सुट्टी, असं समजणं

सिंक्रो शटल म्हणजे दांडीनं दिशा बदलणारा साधा शटल; त्यात क्लच दाबावाच लागतो, आणि ट्रॅक्टर जवळजवळ थांबल्यावरच दिशा बदलायची असते. चालत्या ट्रॅक्टरची दांडी ओढली की गिअरांचा वेग जुळवणाऱ्या आतल्या सिंक्रो रिंगा झिजतात. क्लच न दाबता दिशा बदलायची सोय पॉवर शटलमध्ये असते. त्यात तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा हायड्रॉलिकच्या दाबावर चालतात. किंमत जास्त, आणि ऑइल-फिल्टरमध्ये कंजूषी केली तर दुरुस्तीही जड. दिवसभर राखेच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामावर ट्रॅक्टर लावणाऱ्यानं तो जरूर बघावा. वर्षातून महिनाभर शेणखत भरणाऱ्याला सिंक्रो शटल पुरतो. मोबाइलवर परदेशी व्हिडिओत दिसतात ते नुसत्या पॅडलवर पुढे-मागे जाणारे छोटे ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, असतात. ते पाहून इथं हट्ट धरू नका.

क्लच दाबला की बकेट अडकते?

लोडरमध्ये बिघाड नाही. बकेट उचलणारा पंप पीटीओवर (ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर) बसवलाय आणि ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे, म्हणून क्लच दाबला की पंपही थांबतो. ड्युअल क्लच असेल तर पॅडल अर्धं दाबल्यावर फक्त चाकं सुटतात, पीटीओ फिरत राहतो. पंप थेट इंजिनावर असेल तर प्रश्नच नाही. घेण्याआधी क्लच दाबून (ड्युअल असेल तर अर्धाच) बकेट उचलून बघा, एका मिनिटात कळतं.

रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येत असेल तर लगेच गिअरबॉक्स उघडायला सांगू नका. बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो, आधी पॅडलचा फ्री प्ले (मोकळी चाल) तपासा. रेस वाढते पण ढिगात जोर लागत नाही, ही प्लेट घसरल्याची खूण. आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. लोडरचे पाइप धुळीच्या हातानं जोडले की ती धूळ थेट गिअरांत जाते.

मागे वजन न लावता भरलेली बकेट उचलू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी आमच्याकडे लोक सांगूनही ऐकत नाहीत.

दुसरा ट्रॅक्टर घेताना मी डीलरला शोरूममध्ये भेटलोच नाही, बागेतल्या खताच्या ढिगावर बोलावलं. चालवायला माझाच ड्रायव्हर बसवला. दोन ट्रॉल्या भरल्यावर खाली उतरून क्लचपाशी नाक नेलं. जळका वास नव्हता. मग किमतीचं बोलायला बसलो.