न दिसणाऱ्या कोपऱ्यांच्या या चुका टाळा

नवी गाडी घरी आली की ओळखीतले लोक मला शेजारी बसवून हात साफ करून घेतात. लायसन्स असतं, चालवताही येतं. छोट्या गाडीतून उठून एकदम उंच एसयूव्हीत बसलेले असतात, एवढंच. आणि चुका त्याच त्या. स्क्रीन कशी लावायची ते पहिल्या दिवशी विचारतात, आरसे कसे लावायचे ते कोणी विचारत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे समोरच्या काचेच्या कडेला असलेल्या पिलरमागे काही नाही असं धरून चालणं. हे पिलर आता जाड झालेत आणि त्याला कारण आहे. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून तिथे मजबुती लागते, आणि बाजूची पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेने त्याच्यापर्यंत आलेली असते. 2023 पासून भारत एनसीएपीचे, म्हणजे गाडी आदळून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे, स्टार बघून लोक गाड्या घेतात, ते चांगलंच आहे. पण जाड पिलर नजर अडवतो, हेही गाडी घेतानाच समजून घ्यायला हवं.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजवा पिलर डोळ्यांच्या जास्त जवळ असतो आणि जास्त जागा झाकतो. चौकात शिरताना पहिला धोकाही उजवीकडूनच येतो. वीसेक मीटरवरची मोपेड चालवणाऱ्यासकट या पिलरमागे मावू शकते. त्यातही तुम्ही आणि ती एकाच ठिकाणाकडे सारख्या वेगाने येत असाल, तर ती पिलरमागून बाहेर येतच नाही. तुम्ही सरकता तशी तीही सरकत राहते आणि एकदम बोनेटसमोर उगवते.

नागपुरात प्रतापनगरच्या आतल्या बाजूला, सिग्नल नसलेल्या एका चौकात हे माझ्यासमोर घडलं. मित्राचा मुलगा चालवत होता, ट्यूशन सुटायची वेळ, वेग पंचवीसच्या आत. त्याने उजवीकडे मान वळवली होती, मी बघितलं. पण मी बसलो होतो डावीकडे, तिथून पिलर वेगळ्या जागी येतो, म्हणून मला स्कूटी स्पष्ट दिसत होती. तोंडाला पांढरा दुपट्टा बांधलेली मुलगी, पायाशी भाजीची पिशवी. पोराचा पाय ब्रेककडे जाईना, तेव्हा ओरडून मी हँडब्रेक खेचला. स्कूटी बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली, टमाटर रस्ताभर सांडले. पोरगं पांढरं पडलेलं. "काका, खरंच कोणी नव्हतं ना तिथे! मी पाहिलं होतं." तो खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिलं होतं, पण पिलरकडे.

यावर माझी सवय अशी: चौक जवळ आला की वेग कमी करून कमरेतून एकदा पुढे वाकायचं, एकदा मागे. नुसती मान फिरवून भागत नाही, कारण डोळे जवळपास जागच्या जागीच राहतात आणि पिलर तेवढाच भाग झाकून ठेवतो. डोकं हललं की मागचं उघडं पडतं. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांपाशी यू-टर्न घेताना तर दोन-दोन अडथळे असतात. तिथे गाडीचं नाक हळू पुढे काढा, पूर्ण थांबा, मग वाकून बघा. मागचा हॉर्न मारतो म्हणून निघू नका. त्याला तुमच्या उजवीकडचं दिसत नसतं. नवशिक्यांची घाई बहुतेक वेळा त्या हॉर्नमुळेच असते आणि मला तिचा मनापासून राग येतो.

दुसरी चूक आरशांची. अर्ध्या आरशात आपल्याच गाडीचं दार. मागचं दाखवायला मधला आरसा आहेच, बाजूच्या आरशांनी त्याच्या पुढचा भाग दाखवायला हवा. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा इतका बाहेर वळवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून डावा तसाच लावा. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने 1995 साली याची भूमिती मांडली, तरी आपल्याकडे शिकवताना ते क्वचितच सांगितलं जातं. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसत नाही म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, पण आरसे पुन्हा आत वळवू नका. रस्त्याच्या कडेला थांबून तपासा: मागून येणारी गाडी मधल्या आरशातून निसटायच्या आत बाजूच्या आरशात आली पाहिजे, आणि तिथून निसटायच्या आत खिडकीत. बाजूचा आरसा बहिर्वक्र असतो, त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. म्हणून अंतराचा अंदाज मधल्या आरशावरून घ्या. एवढं करूनही लेन बदलताना खांद्यावरून एक नजर टाकायचीच, कारण आपल्याकडे मोपेड डावीकडूनही घुसते. चिकटवायचे छोटे गोल आरसे मला पसंत नाहीत. मोठे आरसे नीट लावायचा कंटाळा, म्हणून ते घेतले जातात.

काही गाड्यांत इंडिकेटर दिला की त्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र मीटरमध्ये येतं. सोय उत्तम आहे, पण इंडिकेटरच दिला नाही तर ती नसल्यासारखीच.

रिव्हर्सचे सेन्सर 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत. त्यांना पातळ सळई, जमिनीलगतचा दगड बरेचदा कळत नाही. कॅमेऱ्याच्या रुंद भिंगात अंतर जास्त भासतं, पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो. वस्तीत लहान मुलं खेळत असतील तर गाडीत बसायच्या आधी मागून एक चक्कर मारा. स्क्रीनवर विसंबून गाडी मागे घेणं मला अजिबात मान्य नाही.

सीट खाली ठेवू नका. बोनेटची कड दिसेल इतकी वर घ्या. मधल्या आरशाला काही टांगू नका. मोबाइलचा स्टँड काचेवर नको, एसीच्या जाळीला लावा.

काळ्या फिल्मचं कारण मला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि उन्हात उभी केलेली गाडी तापून निघते. पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. रात्री, पावसात, बाजूचे आरसे बघायचे ते त्याच काचेतून. उन्हासाठी गाडी उभी असताना लावायची जाळी वापरा आणि निघताना काढा.

आणि काच आतून पुसा. बाहेरून सगळे धुतात, आत मात्र धूळ आणि तेलकट थर साचत राहतो. दिवसा तो जाणवत नाही. संध्याकाळी अमरावती रोडने वाडीकडे निघालात आणि सूर्य समोर आला की अख्खी काच पांढरी होते, पुढचा सायकलवाला त्यात हरवतो. आठवड्यातून एकदा ओलसर मायक्रोफायबर, लगेच कोरडं कापड, काचेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत.