सेन्सरचा आकडा खरा धरायचा कधी आणि बोट टोचायचं कधी

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेतीनला फोन बोंबलायला लागला, दंडावर चिकटवलेल्या साखरेच्या सेन्सरचा आकडा स्क्रीनवर ५४, म्हणजे साखर फारच कमी. नवऱ्याने अर्धवट झोपेत ग्लुकॉन-डी कालवलं, चांगले चार मोठे चमचे, मी ते गटागटा प्यायले आणि ग्लास खाली ठेवताना लक्षात आलं की अरे घाम नाही, थरथर नाही, काहीच होत नाहीये. लगेच बोट टोचून ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर बघितली तर १२१. सकाळी अर्थातच २६८. सेन्सर डाव्या दंडावर आणि मी डाव्या कुशीवर झोपलेली, बस एवढंच झालं होतं.

मला टाइप वन डायबिटीस आहे, सेन्सर लावतेय त्याला आता चार वर्षं झाली, आणि ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं की सेन्सर चुकीचं दाखवतोय काय करू. तर हे एकदाच नीट लिहून ठेवते. इन्सुलिनचा डोस बदलायचं काम मात्र तुमच्या डॉक्टरांचं, माझं नाही.

आधी हे समजून घ्या की सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखाली केसाएवढी बारीक तार असते, ती पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर मोजते. साखर आधी रक्तात चढते-उतरते आणि मग तिथे पोचते, त्यात पाच-दहा मिनिटं जातात, आकडा भराभर बदलत असेल तर अजून जास्त. लोकल सुटते तेव्हा मोटरमनचा डबा फलाटाबाहेर गेलेला असतो पण गार्डचा डबा अजून फलाटातच असतो ना, तसं. म्हणून जेवल्यावर अर्ध्या तासाने किंवा जिना चढून आल्यावर दोन्ही आकडे जुळवत बसू नका, ते जुळणार नाहीत आणि त्यात कोणाचीच चूक नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका लो झाल्यावर, म्हणजे साखर फार खाली गेल्यावर बसतो. साखर ६० ला गेली, तुम्ही १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, १५ मिनिटं थांबलात, रक्तात साखर ८५ झालेली असते पण सेन्सर अजून ५८ आणि साखर उतरतेय असा खाली जाणारा बाण दाखवतो, मग माणूस घाबरून अजून एक लाडू, अजून अर्धा कप गोड चहा, आणि दोन तासांनी ३००. लो नंतरचं तपासणं कायम ग्लुकोमीटरवर करा. हे एक जरी पाळलंत तरी अर्ध्या तक्रारी संपतील असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ते झोपेतलं लो. सेन्सरवर वजन आलं की तिथल्या जागेचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि तारेभोवतीची साखर खरंच कमी होते, म्हणजे बिचारा सेन्सर खोटं बोलत नाही, तेवढ्या जागेपुरतं खरंच सांगतो. ओळखायचं कसं, तर आलेख बघा. १३० वर सरळ चाललेली रेघ एकदम कडा तुटल्यासारखी खाली पडते आणि कूस बदलली की तशीच टुणकन वर येते. खरं लो बहुतेक वेळा उतरणीवरून येतं, आधी काही वेळ तरी ते दिसत असतं. उपाय काय, तर उठून बसा, हात मोकळा करा, टोचा. पण मीटर हाताशी नसेल किंवा जरासुद्धा लक्षणं असतील तर डोकं चालवत बसू नका, साखर खा, एक दिवस २६८ झाली तर झाली. आणि ज्यांना बरीच वर्षं डायबिटीस आहे त्यांना लो ची लक्षणं जाणवेनाशी होतात, त्यांनी तर मला काही होत नाहीये म्हणजे सेन्सर चुकलाय असं कधीच धरू नये. झोपायची कूस ठरलेली असेल तर सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा, एवढं सोपं आहे ते.

लावण्याबद्दल. आमच्याकडे सेन्सर गळून पडायचं एक नंबरचं कारण म्हणजे तेल. आंघोळीआधी खोबरेल चोळायची सवय असते, अंगावर मॉइश्चरायझर असतं, त्यावर स्टिकर टिकणार कसा? साध्या साबणाने दंडाची मागची बाजू धुवा, कोरडी करा, मग स्पिरिटचा स्वॅब फिरवा आणि तो पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, पंख्याखाली बसा मिनिटभर. केस जास्त असतील तर आधी काढून टाका. जुन्या जागेवरच परत लावू नका, आणि व्रण किंवा इन्सुलिनच्या गाठी असतील ती जागा सोडा. अॅप्लिकेटर दाबला की ठक असा आवाज येतो, तो लगेच उचलू नका, दोन-चार सेकंद धरून ठेवा आणि मग सेन्सरच्या कडेवरून बोट फिरवून स्टिकर नीट दाबून घ्या. थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं काही नाही, पण थांबतच नसेल तर तो सेन्सर काढावा लागतो.

घाम येतो, त्यात डोंबिवलीहून सकाळची ८:१२ पकडायची म्हणजे खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा, दाराची कड, कोणाचं तरी कोपर, हे सगळं सेन्सरलाच लागतं. माझा एक सेन्सर चौथ्याच दिवशी असा बॅगेच्या पट्ट्यात अडकून उपटला गेला, पाचेक हजार रुपये फलाटावर, आणि धक्क्याने गेलेला सेन्सर कोणी बदलून देईल याची खात्री नसते. तेव्हापासून वरून टेप लावते. फक्त एक बघा, काही सेन्सरना मधोमध बारीक भोक असतं, ते टेपने बुजवायचं नसतं, कडेकडेने लावायचं.

पहिल्या दिवसाचे आकडे मी मनावर घेत नाही. सुरू व्हायला कोणाला अर्धा तास लागतो, कोणाला एक, कोणाला दोन, पण कातडीला टोचल्यावर ती जागा शांत व्हायला जवळपास दिवस जातो आणि तोपर्यंत आकडे वर-खाली नाचतात. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी सकाळी लावते, म्हणजे पहिली रात्र येईपर्यंत तो जरा ताळ्यावर आलेला असतो. रात्री झोपताना नवीन सेन्सर लावायचा म्हणजे स्वतःच्या हाताने जागरण ओढवून घेणं आहे. त्या २४ तासांत इन्सुलिनचा काहीही निर्णय घ्यायचा असेल तर टोचून घ्या.

मग सेन्सर खराब आहे की नाही हे ठरवायचं कसं? उपाशीपोटी किंवा जेवून तीन तास झाल्यावर, बाण आडवा म्हणजे साखर स्थिर असताना, हात साबणाने धुऊन कोरडे करून टोचा. हात धुवा हे मी परत सांगते कारण मे महिन्यात आंबा कापून तसंच टोचलं होतं आणि मीटरने ३४० दाखवलं, हात धुऊन घेतलं तर १४६, आणि त्या दहा मिनिटांत मी बिचाऱ्या सेन्सरला किती शिव्या घातल्या असतील. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर आपल्या दमट हवेत त्याही बिघडतात, तारीख बघत जा. ठोकताळा असा की साखर ७० च्या वर असेल तर २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, खाली असेल तर २० पॉइंटचा. मीटर १५० आणि सेन्सर १७५, ठीक आहे, सोडून द्या. मीटर १५० आणि सेन्सर २२०, हे ठीक नाही. पण एका टोचण्यावर निकाल लावू नका, दोन-तीन वेगवेगळ्या वेळी बघा, कारण मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते, आंतरराष्ट्रीय मानकातच तसं आहे. सेन्सरचा सरासरी फरक ८ ते १० टक्के सांगतात, पण ती सरासरी झाली, म्हणजे एखादा आकडा त्याच्या बराच लांबही असणार. आकडा पटत नाही तेव्हा त्याच्यावर विसंबून वाढलेली साखर उतरवायचं, करेक्शनचं इन्सुलिन मारू नका, हे सगळ्यात धोक्याचं.

औषधांकडे कोणाचं लक्ष जात नाही. सर्दी झाली की आपण ५०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन सी च्या गोळ्या दिवसात दोन-तीन चघळतो, काही सेन्सर त्याने साखर खोटीच वाढलेली दाखवतात. काहींना पॅरासिटामॉल चालत नाही, काहींना ठराविक डोसपर्यंत चालतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यांना हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध चालू असतं, आणि त्यावर काही कंपन्यांचे सेन्सर खूप जास्त साखर दाखवतात, तो आकडा बघून इन्सुलिन घेतलं तर अनर्थ होईल. डॉक्टरांना सेन्सर घ्यायच्या आधीच विचारा. तुमच्या सेन्सरला काय चालत नाही ते बॉक्समधल्या त्या घडी घातलेल्या कागदावर असतं, जो आपण सगळे पहिल्याच दिवशी फेकतो. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हाही टोचूनच बघा. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा लागतो का तेही त्याच कागदावर बघा, माझ्या सेन्सरच्या कागदावर काढा असंच लिहिलंय.

उन्हाळ्यात ऑनलाइन मागवताना जरा जपून. बॉक्सवर किती तापमानात ठेवायचं ते छापलेलं असतं, आणि नागपूर-अकोल्याला मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तो दिवसभर पडला की काय होत असेल ते तुम्हीच बघा. मी तरी जवळच्या केमिस्टकडून बिल घेऊनच घेते. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर अजिबात नाही.

फोनचं थोडक्यात: अर्ध्या वेळा सेन्सर चांगला असतो आणि फोन नालायक असतो. अँड्रॉइडमध्ये बॅटरी सेव्हर अॅपला झोपवून टाकतो मग अलार्म येतच नाही, त्या अॅपपुरता तो बंद करा. फोन अपडेट झाल्यावर नोटिफिकेशन आणि ब्लूटूथच्या परवानग्या परत तपासा. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि तुम्ही बेडरूममध्ये, असं केलंत तर सिग्नल जाणारच. स्कॅन करायचा सेन्सर असेल तर तो साधारण आठच तासांचं साठवतो, त्यामुळे आठ तासांच्या आत एकदा तरी फोन फिरवा, नाहीतर आलेखात खड्डा.

आता पैसे वसूल करायचं. सेन्सर मुदतीआधी मेला किंवा सतत चुकत असेल तर बदलून मिळू शकतो, पण रडून मिळत नाही, पुरावा लागतो. लावायच्या आधीच बॉक्सवरच्या सिरियल नंबर आणि लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा. बिल ठेवा. एकाच वेळचा सेन्सरचा स्क्रीनशॉट आणि मीटरचा फोटो, असे दोन-तीन जोड हवेत. एररचा स्क्रीनशॉट घ्या, तो नंतर गायब होतो. कस्टमर केअरला फोन केलात की तक्रार नंबर मागून लिहून घ्या. आणि काढलेला सेन्सर फेकू नका, तो परत मागतात, मी पहिल्यांदा कचऱ्यात टाकला होता आणि पुढचे वीस दिवस तोच मुद्दा धरून बसले ते लोक.

तोच सिरियल नंबर अजून एका कामाला येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅबट कंपनीने त्यांच्या फ्रीस्टाइल लिब्रे ३ आणि ३ प्लसच्या काही सेन्सरबद्दल इशारा दिला की ते साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतात, एकट्या अमेरिकेत असे साधारण ३० लाख सेन्सर होते. परदेशातून कोणी भाऊ-वहिनी सेन्सर आणून देतात ना, त्यांनी तर नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघावाच. तिथून आणलेल्याची तक्रार इथे घेतील असं धरूनही चालू नका.

काढताना मात्र खोबरेल चालतं. स्टिकरच्या कडेने दोन थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, आणि एका कोपऱ्यातून हळूहळू सोलत या. खाली लाल चट्टा उरलाच तर पुढचा सेन्सर दुसऱ्या हातावर.